दुधाच्या पेल्यावर भांडण, आणि गाभडलेली गाय बाजारात

गेला महिनाभर आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात डेअरीच्या रांगेत, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत एकच वाद चाललाय, कच्चं दूध प्यावं का नको. निमित्त असं की शेजारच्या गावात बाप आणि लेक दोघांच्या रक्तात ब्रुसेला निघाला. ब्रुसेलोसिस म्हणजे जनावराकडून माणसाला लागणारा जीवाणूचा आजार, गुरांच्या डॉक्टरांच्या भाषेत सांसर्गिक गर्भपात, शेतकऱ्याच्या भाषेत नुसतं "गाय गाभडली". बातमी आली आणि लोकांनी लगेच बाजू घेतल्या. एकजण म्हणतो गवळ्याचा रतीबच बंद करा, पिशवीचं दूध घ्या. दुसरा म्हणतो हे सगळं कंपन्यांचं कारस्थान आहे, देशी गाईच्या धारोष्ण दुधानं आजवर कुणाला काय झालंय. आणि तिसरा आमच्या भागातच भेटतो, तो म्हणतो रोग पलीकडनं आला. पलीकडं म्हणजे कुठं, तर कागलकडचा माणूस कर्नाटकाकडं बोट दाखवतो आणि इकडचा महाराष्ट्राकडं.

मला वाटतं तिघंही चुकीच्या जागी भांडायलेत. सगळ्यांची नजर पेल्यातल्या दुधावर आहे आणि रोग बसलाय गोठ्यात, वेताच्या वेळी, वासरामागनं पडणारी वार ओढणाऱ्या बाईच्या हातावर, आणि तिथनं टेम्पोत चढून तो बाजाराला चाललाय. गाभडलेली गाय गुपचूप विकणं हा एकच मार्ग शेतकऱ्याला परवडतोय, आणि तो जोवर तसा आहे तोवर तुम्ही दूध उकळा, नाहीतर पिणंच सोडा, हा रोग हलणार नाही.

आधी दुधाचंच बोलू, कारण त्या बाजूच्या म्हणण्यात खरं बरंच आहे. कच्चं दूध पिऊ नये यात मला शंका नाही, ब्रुसेलाचे जीवाणू लागण झालेल्या गाई-म्हशीच्या, शेळी-मेंढीच्या दुधातनं येतातच. कोल्हापुरात गंगावेशीला कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून पेला हातात देतात, आमच्याकडच्या तालमीतली पोरंही त्याच दुधावर वाढलीत, ती चव आणि ती सवय मला परकी नाही. तरी ते दूध उकळूनच प्या असं मी म्हणेन, आणि पैलवानाची ताकद उकळल्यानं कमी होते हे मला कुणी दाखवलेलं नाही. डेंग्यूच्या दिवसांत तर याहून वाईट चालतं, प्लेटलेट वाढतात म्हणून शेळीचं कच्चं दूध शोधत लोक गावोगाव फिरतात आणि तापानं आधीच खचलेल्या माणसाला ते पाजतात. त्यानं प्लेटलेट वाढतात याला आधार नाही, पण ब्रुसेलाची जी जात माणसाला सगळ्यात जास्त त्रास देते ती मेलिटेन्सिस शेळ्या-मेंढ्यांतच असते. एवढं सगळं मान्य करूनही विचारतो, आपल्या घरात दूध कच्चं जातं किती? दूध आलं की पहिलं काम गॅसवर ठेवणं, साय येईस्तोवर तापवणं, दही लावायचं तेही तापवलेल्या दुधाला, खरवस वाफवून, बेळगावचा कुंदा तर तासन्‌तास आटवून. पाश्चरायझेशन म्हणजे ६३ अंशाला अर्धा तास नाहीतर ७२ अंशाला १५ सेकंद, आमची आई त्याच्या किती पुढं जाते. मग दूध उकळणाऱ्या घरातल्या माणसाला हा आजार का होतो, हा प्रश्न वादात कुणीच विचारत नाही.

उत्तर गोठ्यात आहे. हा जीवाणू गाभण जनावराच्या गर्भाशयात जातो कारण गाय, शेळी, मेंढी यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक प्रकारची साखर असते, ती त्याला मानवते आणि तिथं तो अफाट वाढतो. मग गाय शेवटच्या काही महिन्यांत, पाचव्या महिन्यानंतर कधीही गाभडते. पडलेलं वासरू, वार, ते पाणी, यात जीवाणू खच्चून भरलेले असतात. वार अडकली की ती काढायला कोण हात घालतं? घरचा माणूस, घरची बाई, नाहीतर गावातला जाणता. हातमोजे नसतात, बोटाला खुरप्याची जखम असते, आणि मेलेलं वासरू उकिरड्यावर टाकलं की रात्री कुत्री ओढून दुसऱ्याच्या रानात नेतात. ओलाव्यात सावलीत तो जीवाणू बरेच दिवस जिवंत राहतो. सगळ्यात फसवी गोष्ट पुढंच आहे, एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला बहुतेक वेळा धड वासरू देते. शेतकरी म्हणतो बरी झाली. ती बरी झालेली नसते, प्रत्येक वेताला आणि दुधातनं ती जीवाणू सोडतच असते, पण बाजारात उभी केली की अंगावर एक खूण नाही, कास भरलेली, डोळे चमकदार.

माझ्या थोरल्या काकांचं सांगतो. चार महिने ताप येत होता, संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम फुटून गादी भिजायची, मग आठ दिवस बरं आणि परत सुरू. कंबर धरली, गुडघे धरले. आधी टायफॉइड म्हणून औषध झालं, मग संधिवात म्हणून, मग एका दवाखान्यात टीबीचा कोर्स सुरू केला, त्यातलं एक औषध याही आजाराला लागू पडतं म्हणून थोडा उतार पडला आणि ते बंद केल्यावर ताप परत आला. घरचेच लोक म्हणायला लागले की काकांना आता कामाचा कंटाळा आलाय. त्या माणसानं आयुष्यात कधी धार चुकवलेली नाही, त्यांनी हे ऐकून घेतलं. शेवटी एका तरुण डॉक्टरणीनं विचारलं, काका घरी जनावरं किती, वर्षात कुठली गाभडली का? चार महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा. रक्त तपासलं, ब्रुसेला निघाला, सहा आठवडे दोन औषधं जोडीनं घेतली आणि माणूस उठून उभा राहिला. गाय पाच महिन्यांपूर्वी गाभडली होती, वार काकांनीच काढली होती. काका दूध कच्चं पीत नाहीत, त्यांना चहातलं सोडलं तर दूधच आवडत नाही.

"कामाचा कंटाळा" हे ऐकलं की मला अ‍ॅलिस इव्हान्स आठवते. अमेरिकेतली ही जीवाणूशास्त्रज्ञ, तिनं १९१८ साली दाखवून दिलं की गाईला गाभडवणारा जीवाणू आणि माल्टातल्या शेळ्यांपासून माणसाला ताप आणणारा जीवाणू हे सख्खे भाऊ आहेत, म्हणजे गाईचं कच्चं दूधही माणसाला धोक्याचं. दूधवाले चिडले, मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा म्हणाले की हे इतकी वर्षं आम्हाला दिसलं नाही ते हिला कसं दिसेल. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना तिला स्वतःला तोच आजार जडला आणि पुढं कितीतरी वर्षं तो उलटत राहिला, आणि डॉक्टरांनी तिलाही मनाचा आजार आहे, काही झालेलं नाही असंच सांगितलं. तो आजार ज्या बाईनं ओळखला तिच्यावरच जर विश्वास बसला नाही तर रायबागच्या गोठ्यातल्या बाईवर कोण ठेवणार? तिला ताप आला की "पोरीबाळींची दगदग", कंबर दुखली की "वय झालं". आणि हा आजार गरोदर बाईचाही गर्भ पाडू शकतो, गोठ्यात गाय गाभडली त्याच वर्षी घरात सुनेचं पोट पडलं तर या दोन गोष्टी जोडून बघणारं आपल्याकडं कुणी नाही. पुरुषांत अंडाला सूज येते, ते लाजेनं दवाखान्यातच जात नाहीत. माणूस याच्यानं सहसा मरत नाही हे खरं, आणि म्हणूनच कुणाला घाई नाही. पण मरत नाही म्हणजे जगतो कसा? वर्षभर रोजगार बुडतो, औषधाचं कर्ज होतं, उभं राहून धार काढता येत नाही.

"आमच्या आजा-पणज्यानं पिलं, त्यांना काय झालं नाही" हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, त्यात अनुभव आहे. पण आजोबांच्या गोठ्यात दोन जनावरं असायची आणि दोन्ही घरच्याच गाईची. आज कर्ज काढून पंढरपूर, सांगली, कुठनं कुठनं गाय आणायची, दोन वेतं काढायची आणि विकायची, एका गाईनं चार गोठे आणि दोन राज्यं बघितलेली असतात. आणि आज्याला झालंच नाही हे कशावरून? जुनी माणसं हाडीताप म्हणायची, महिनोन्‌महिने मुरलेला ताप, त्यात किती टीबी होते, किती मलेरिया आणि किती हे, कुणी रक्त तपासलं होतं? शेजारच्या विजापुरात डॉक्टरांनी शोधायचं ठरवलं तेव्हा १६ वर्षांत जवळपास ५०० मोठ्या माणसांत हा आजार सापडला, २००६ साली ते छापूनही आलं, लहान मुलांचं वेगळंच. अथणीच्या पलीकडं विजापूर. रोग काय अथणीच्या वेशीवर थांबला असेल का? तिथं शोधला म्हणून सापडला. देशी-जर्सीचंही तसंच. संकरित गाईंची खरेदी-विक्री जास्त, गोठे मोठे, म्हणून त्यांच्यात पसरायला वाव जास्त हे मान्य. पण जीवाणूला देशी खिलारची वार आणि विलायती एचएफची वार सारखीच, म्हशीची पण, धनगराच्या मेंढरांची पण.

आता ज्या मुद्द्यापुढं मी खरोखर थांबतो तो शेतकऱ्याचा. तो म्हणतो, मी डेअरीत जाऊन सांगितलं की माझी गाय ब्रुसेलाची आहे तर उद्या माझं दूध कोण घालून घेईल? ८० हजाराची गाय, बँकेचा हप्ता चालू, कापायला देता येत नाही, कायदा नाही म्हणतो आणि मनही नाही म्हणतं, औषधानं जनावर बरं होत नाही, मग मी तिला बाजार दाखवू नको तर काय करू? या माणसाला खोटारडा म्हणणं सोपं आहे. पण तो करतोय तो हिशेब बरोबर आहे, त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच केला असता. २००९ चा केंद्राचा कायदा आहे, असला रोग दिसला तर मालकानं कळवलंच पाहिजे असं त्यात आहे. कळवल्यावर त्या मालकाच्या पदरात काय पडतं हे कुणी सांगत नाही, म्हणून कुणी कळवत नाही.

माल्टात, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातल्या त्या बेटावर, हेच झालं. १९०५ साली थेमिस्टॉक्लिस झमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरानं सहा शेळ्यांचं रक्त तपासलं, दिसायला धडधाकट, त्यातल्या पाच शेळ्यांत रोगाची खूण मिळाली. इंग्रज लष्करानं लगेच पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध तोडलं आणि बराकीतला ताप बघता बघता ओसरला. पण बराकीच्या बाहेर? गरीब माल्टी माणसाच्या दारात शेळ्यांचा कळप यायचा, उंबऱ्यावर धार काढून द्यायचे, तेच परवडायचं आणि त्याच शेळ्यांवर कळपवाल्याचं पोट होतं. सैनिकाला सरकारनं डब्यातलं दूध दिलं, कळपवाल्याला कुणी काही दिलं नाही. दूध पाश्चराइज करायची सोय १९३८ च्या सुमाराला झाली, म्हणजे शोध लागल्यावर तीसहून जास्त वर्षं लोक त्याच तापानं तापत राहिले. रतीब बंद करा म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. आणि नुसत्या बंदीनं काय होतं ते आपल्याला माल्टाला जाऊन शिकायला नको, १८९७ चा पुण्याचा प्लेग आहे. घरात घुसून झडत्या सुरू केल्या तेव्हा लोकांनी रोगी लपवले, माळ्यावर, कोठीत, नातेवाइकांकडं दुसऱ्या गावाला, आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. त्याच प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या, त्या स्वतः रोग्याला उचलून दवाखान्यात नेत होत्या. धाक दाखवला तर गाय लपणार, आणि गाय लपवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे दुसऱ्याचा गोठा.

मग करायचं काय? अमेरिकेनं १९३४ ला मंदी आणि दुष्काळात लागण झालेली जनावरं पैसे देऊन काढून घ्यायला सुरुवात केली आणि तिथनं त्यांचा रोग हटायला लागला. आपल्याला मारायची गरजच नाही, हे लोकांना कळत नाही म्हणून सगळा घोळ आहे. लागण झालेल्या गाईचं दूध नीट उकळलं, पाश्चराइज केलं की वापरता येतं. तिला विकायची नाही, वेताच्या वेळी वेगळी बांधायची, हातमोजे घालून वार काढायची आणि चुना टाकून खोल पुरायची, आणि पुढं गाभण जाऊ द्यायची नाही. गाभण नाही म्हणजे हळूहळू दूध आटणार, तो तोटा मात्र त्या एका माणसाचा असता कामा नये. हिशेब करून बघा, एका गावात रोज १००० लिटर दूध जमतं, लिटरमागं ५ पैसे बाजूला काढले तर दिवसाला ५० रुपये, वर्षाला १८,२५०. तालुक्यात अशी १०० गावं धरली तर १८ लाखाच्या वर. सगळ्या गाई त्यात भरपाईला बसणार नाहीत, पण सांगितलं तर काहीतरी मिळतं एवढं कळलं तरी पहिला माणूस बोलेल. गोशाळेत सोडा हा सल्ला पण देणारे देतात, तो तर सगळ्यात घातक, तिथं एका जागी पन्नास गाईंना लागण देणार तुम्ही.

आणि सीमा. १९५६ पासून आम्ही या सीमेवर भांडतोय, महाजन आयोग झाला, सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा पडून आहे, माझं त्यावर मत आहे आणि ते बदलणारं नाही. पण कोगनोळीच्या नाक्यावरनं, शिनोळीवरनं रोज दूध जातं, गाई जातात, चारा जातो, मेंढरं तर चालत जातात आणि शेतकरी आनंदानं ती रानात बसवून घेतो, खत मिळतं म्हणून. २०२२ ला लम्पी आला तेव्हा अंगावरच्या गाठी डोळ्यांना दिसत होत्या म्हणून दोन्हीकडं बाजार बंद झाले. ब्रुसेला दिसत नाही म्हणून बाजार चालू. बुळकांड्या आठवतोय का? जुन्या माणसांना विचारा, गोठेच्या गोठे रिकामे करायचा तो. १९९५ नंतर भारतात तो दिसला नाही आणि २०११ ला जगातनं गेला, तो गेला कारण लस टोचताना कुणी जनावराचं राज्य विचारलं नाही. आताही कानातला १२ अंकी बिल्ला दोन्ही राज्यांत एकाच यादीतला आहे, लस टोचली का आणि कधी हे त्या नंबरावर बघता येतं. मग बाजारात दात बघतो, कास बघतो, तसं बिल्ल्याचा नंबर का बघत नाही आपण? ज्या कालवडीला लस नाही तिचा भाव पाच हजारानं पाडा, बघा पुढच्या वर्षी किती लोक स्वतःहून कालवड घेऊन डॉक्टरकडं जातात.

लसीची भीती आहे, तीही साधार आहे. ही लस जिवंत जीवाणूची, गाभण गाईला टोचली तर ती गाभडू शकते, आणि टोचणाऱ्या डॉक्टरच्या बोटात सुई गेली तर त्यालाच ताप येतो. म्हणूनच ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि रेड्यांच्या बहिणींना, म्हणजे पारड्यांना, आयुष्यात एकदाच देतात. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला दोन्हीसाठी, लस फुकट आहे. मला अडचण दिसते ती वेगळीच. आमच्या गावात सूचना लागते ती कन्नडमध्ये. मला कन्नड येतं, माझ्या बायकोला येत नाही, आणि गोठा ती बघते. मराठीत पण लावा म्हटलं की लगेच त्याला राजकारण म्हणतात. जिथं भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या हे कागदावर केव्हाच मान्य झालंय. आणि हा न्याय दोन्हीकडचा आहे, जत तालुक्यातल्या कन्नड बोलणाऱ्या बाईलाही तो कागद कन्नडमध्येच मिळाला पाहिजे, मी तिच्यासाठी पण भांडेन. हातमोजे घाला, वार पुरा, चार ते आठ महिन्यांत लस टोचून घ्या, एवढ्या तीन ओळी बाईला तिच्या भाषेत मिळू नयेत इतकं मोठं काय अडलंय?

काकांच्या गोठ्यात त्याच गाईची आदल्या वेताची एक कालवड आहे, तिचं वय टळून गेलं, आता तिचं रक्त तपासून घ्यायचं आहे. दुसरी आहे म्हशीची पारडी, साडेसहा महिन्यांची. तिकडं कागलकडच्या आमच्या पाहुण्यांच्या गावात गेल्या पंधरवड्यात लस देऊन गेले, इकडं अजून तारीख लागलेली नाही. दीड महिना उरलाय. काका रोज सकाळी मला फोन करून विचारतात, आणि गाय अजून गोठ्यातच बांधलेली आहे, दोन व्यापारी येऊन भाव करून गेले.